अंबाडीची दुसरी पेंडी

"ते पाणी ओतू नको," वहिनी म्हणाली, आणि "ते पाणी आधी ओतून दे," आत्या म्हणाली. दोघीही एकदमच बोलल्या. उकळतं पातेलं माझ्या हातात, पातेल्यात अंबाडी, वाफ सगळी तोंडावर. मी एसटीत कंडक्टर आहे. भरल्या गाडीत चौघं चार बाजूंनी ओरडले तरी कुणाला कुठलं तिकीट हवंय ते मला बरोबर कळतं. पण त्या दिवशी भूमच्या आमच्या स्वयंपाकघरात दोन बायकांच्या मधे उभी राहून माझी मती पार गुंग झाली.

आत्याचं म्हणणं, अंबाडी मुळातच आंबट, तिचं पहिलं पाणी ठेवलं तर माणसाचे दात आंबतील, आणि तिच्या भावाचे आता दात उरलेतच किती. वहिनीचं म्हणणं, पाणी ओतलं की सगळी चव मोरीत जाते, मग खायचं काय, चोथा? आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, चंद्राआत्या, वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठराचा. वहिनी म्हणजे भागवतदादाची बायको, लातूरची, तिथल्या एका भिशीत तिच्या हातच्या भाजीला नाव होतं म्हणे. शेवटी मी अर्धं पाणी ओतलं आणि अर्धं ठेवलं. त्यामुळे दोघीही नाराज झाल्या.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगते.

आमच्या आईला आम्ही बाई म्हणायचो. बाई श्रावणात गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि तात्यांनी जेवण सोडलं. रुसून नाही, बोलून दाखवून नाही. ताटावर बसायचे, भाकरीचा एक तुकडा मोडायचे, तो बोटात फिरवायचे आणि उठायचे. दिवसाला दोन कप चहा, त्यात दोन बिस्किटं. महिन्याभरात अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. शेजारच्यांनी फोन केला, मग दादा-वहिनी लातूरहून आले, मी बार्शीहून आले. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आजार काही नाही, पण सोमवारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर बार्शीला दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. आणि ह्या वयात एकदा नळी लागली की, असं म्हणून ते थांबले. पुढचं आम्हाला कळलं.

त्या दिवशी शुक्रवार होता. माझी रजाही सोमवारपर्यंतच होती.

मी तात्यांच्या समोर बसले आणि सरळ विचारलं, काय खावंसं वाटतंय ते सांगा, आभाळातलं असलं तरी आणते. ते भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "अंबाडी कर."

आम्हाला वाटलं, सुटलो. अंबाडी काय, बाजारात ढिगानं पडलेली. पण बाईची अंबाडी कशी होती, ह्यावर आमच्या घरात तीन माणसांची चार मतं निघाली. आत्या म्हणाली, तांदळाच्या कण्या घालून, घोटून, वरून लसणाची चरचरीत फोडणी. वहिनी म्हणाली, छे, सासूबाई तूरडाळ आणि शेंगदाणे घालायच्या, गुळाचा खडाही असायचा, मी स्वतः खाल्लीय. दादा म्हणाला, ज्वारीच्या कण्या होत्या, दातांखाली यायच्या. मला तर हे तिन्ही आठवत होतं, आणि एकही धड आठवत नव्हतं.

शुक्रवारी आत्याच्या पद्धतीनं केली. वाफाळती भाजी, तव्यावरची भाकरी, चुलीपासून पानापर्यंत मी अक्षरशः धावत नेली. वडिलांच्या पानात गरमच पडलं पाहिजे, ही आमच्या घरची शिस्त, बाईनंच लावलेली. तात्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला.

"चांगली झालीय," ते म्हणाले. "पण ही न्हवं."

आत्याचा चेहरा पडला. उरलेलं पातेलंभर मी शेजारच्या गाईपुढे ओतलं. तात्या ओट्यावर बसून ते बघत होते. गाय खात होती, तात्या बघत होते, आणि मला वाटत होतं की म्हाताऱ्याला अन्न वाया गेल्याचं वाईट वाटतंय.

शनिवारी वहिनीची पाळी. डाळ, दाणे, गूळ, वर करडईच्या तेलाची फोडणी. भाजी अशी उतरली होती की वास घेऊन दादा दोनदा स्वयंपाकघरात डोकावला. तात्यांनी दोन घास घेतले. आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. त्यांनाही त्याचा संकोच वाटला असणार.

"ही बी न्हवं," ते म्हणाले, आणि जरा वेळानं, अगदी अपराध्यासारखं, "तुमी जेवा ना."

उरलेली परत गाईला. तात्या परत ओट्यावर.

रविवारी सकाळी मी बाजारात गेले. बाई जिच्याकडून पालेभाजी घ्यायची, ती रौफाबी बागवान अजून त्याच कोपऱ्यावर बसत होती. तिनं मला ओळखलं, बाईसाठी डोळ्याला पदर लावला, आणि मी न विचारता दोन पेंड्या अंबाडी माझ्या पिशवीत टाकली. मी म्हटलं, एक पुरे. ती म्हणाली, "एक कशी पुरंल? तुझी आई कायम दोन न्यायची. मी विचारायची, तुमी दोन माणसं, इतकी भाजी खाता का काय? तर हसायची. म्हणायची, एक संध्याकाळची आन एक सकाळची."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. डोक्यात विचार इतकाच, की पाणी ओतायचं की ठेवायचं हे रौफाबीला विचारावं. तिनं तिसरंच सांगितलं: अंबाडी उकडायचीच नाही, तेलावर परतायची. मी तिला नमस्कार केला आणि निघाले.

वाटेत मात्र बाईच्या त्या 'सकाळची'नं माझं डोकं फिरवलं. कारण ती सकाळची म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं असं मला वाटत होतं.

तात्या नगरपालिकेत वालमन होते. गावाला नळाचं पाणी सोडायचं काम. आठवड्यातून दोनदा पाणी, ते पेठेपेठेनं, त्यामुळे रोज कुठल्या ना कुठल्या पेठेचा वाल पहाटे उघडायचाच. तात्या दिवेलागणीला ताक-भाकरी खाऊन झोपायचे आणि आम्ही उठायच्या आधी सायकल घेऊन गेलेले असायचे. परत यायचे नऊ-साडेनऊला, तोवर आम्ही शाळेत. रात्री बाई आम्हा पोरांना वाढायची. मी म्हणायचे, तू पण बस. ती म्हणायची, मला भूक नाही, मी सकाळी खाईन. हे रोजचं. आणि सकाळी टोपलीत काय असायचं? रात्रीची भाजी आणि रात्रीची भाकरी. आम्ही शाळेला निघताना ती टोपली फडक्याखाली झाकलेली असायची.

सुट्टीच्या दिवशी तात्या आमच्यासमोर जेवायचे, तेही बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, पटापट. बाई उंबऱ्याच्या आत उभी. त्यांच्यात बोलणं म्हणाल तर 'वाढू का' आणि 'पुरे'. ह्या दोघांना मी आयुष्यात एकदाही शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं नाही. म्हणून मी मोठी झाल्यावर एक वाक्य धरून ठेवलं होतं. डेपोत, मैत्रिणींत, सासरी, जिथं म्हणून विषय निघेल तिथं मी सांगायचे: आमच्या आईनं जन्मभर शिळं खाल्लं. ऐकणारी हळहळायची. मला त्यातून बरं वाटायचं. तात्यांवर माझा राग होता, तो कधी बोलून दाखवला नव्हता, पण तो त्या वाक्यात मुरलेला होता.

तर रविवारी मी माझ्या पद्धतीनं अंबाडी केली. ज्वारीच्या कण्या, थोडी डाळ, पाणी अर्धं, लसूण मात्र भरपूर, लालबुंद तळलेला. दोन्ही पेंड्या घातल्या, कारण रौफाबीनं दिल्या होत्या. संध्याकाळी तात्यांच्या पुढं पान ठेवलं. त्यांनी घास घेतला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हाललं. मला वाटलं, चव जुळली. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेता घेता थांबले, इकडं तिकडं बघितलं, जणू काही ठेवलेलं सापडत नाहीये.

"जवळ आलीय," ते म्हणाले. "पण न्हाई. ऱ्हाऊ दे पोरी. तुमी लई दमला. न्हाई जमायचं ते."

माझा तोल गेला. तीन दिवस चुलीपुढं, बोटं अंबाडीनं काळी झालेली, उद्या नळी, आणि हा माणूस लेकीला म्हणतो न्हाई जमायचं. जे वीस वर्षं पोटात होतं ते ओठावर आलं.

"तुम्हाला काय कळतं तात्या तिच्या हातची चव?" मी म्हटलं. "तुमच्या पानात सगळं गरम पडलं. तिनं जन्मभर शिळं खाल्लं, एकटीनं, ह्या चुलीपाशी बसून. कधी विचारलंत तिला, जेवलीस का म्हणून?"

वहिनीनं माझा हात ओढला. आत्या राम राम म्हणत बाहेर गेली. तात्या रागावतील असं मला वाटलं होतं, निदान बाई गेल्यापासून न आलेलं पाणी तरी डोळ्यांत येईल. पण ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, गोंधळून, मी परक्या भाषेत बोलल्यासारखे. मग हात धुऊन आपल्या अंथरुणावर गेले. झोपायच्या आधीचा चहाही त्यांनी घेतला नाही. मला माझीच लाज वाटली. माफी मागायला जावं तर पाय उचलेना, आणि मी बोलले त्यात खोटं काय होतं, हेही कळेना.

सोमवारी सकाळी तात्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली. दोन सदरे, टॉवेल, डॉक्टरांची चिठ्ठी. दादा जीप आणायला स्टँडवर गेला, आत्या मारुतीला, वहिनी मागं कपडे धूत होती. तात्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, पायात चपला घालून, कुठं न्याल तिथं येतो अशा चेहऱ्यानं बसलेले. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेले, दोन्हीदा खाली बघत.

नऊ वाजून गेले होते. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हतं. भांडून झाल्यावर कोण जेवतंय. स्वयंपाकघरात पातेल्यात कालची अंबाडी तशीच होती, गाईला टाकायची राहून गेलेली. टोपलीत रात्रीची दीड भाकरी. म्हटलं, बार्शीपर्यंत कळ निघायची नाही. खालीच बसकण मारली, पितळीत, बाईच्या त्या खोलगट ताटात, भाजी घेतली, वर करडईच्या तेलाची धार सोडली, आणि भाकरी मोडली. अंबाडी रात्रभरात मुरली होती, आंबटपणा खाली बसला होता, कण्या फुगल्या होत्या. मला भूक होती म्हणून असेल, पण खरंच चांगली लागली.

दोन घास झाले असतील, तेव्हा दारात सावली आली. तात्या. चपला काढलेल्या. त्यांनी पितळीकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग एक हात भिंतीला लावून, गुडघे सावरत, ते माझ्यासमोर खाली बसले. माझ्या भाकरीचा एक तुकडा मोडला, माझ्याच पितळीतली भाजी घेतली आणि तोंडात घातला.

मी उठायला लागले. रक्तातच होतं ना ते, वडिलांच्या पानात शिळं? म्हटलं, थांबा तात्या, गरम करते, ताजी भाकरी टाकते, वेगळं ताट घेते.

त्यांनी माझं मनगट धरलं. "बस," ते म्हणाले. "ती उठायची न्हाई मधी."

मला कळेना की काय चाललंय. मी बसले. ते जेवत होते. एक घास, मग दुसरा, घाई नाही, कुणी बघतंय का ह्याची फिकीर नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पटापट जेवणारे तात्या हे नव्हतेच. ह्यांना पितळीची कडा ठाऊक होती, कुठून घ्यायचं आणि कुठं थांबायचं ते ठाऊक होतं. त्यांची बाजू आणि माझी बाजू, मधे बोटभर जागा. आणि भाजीत लसणाची तळलेली पाकळी आली की ते ती तर्जनीनं हळूच बाजूला काढायचे आणि पितळीत माझ्या बाजूला सरकवायचे. एक सरकवली. जरा वेळानं दुसरी. मग तिसरी. हाताला ते इतकं सरावाचं होतं की त्यांचं लक्षही नव्हतं.

मी विचारलं, लसूण नको का तुम्हाला?

तात्या थांबले. त्यांनी माझ्या बाजूच्या त्या तीन पाकळ्यांकडे बघितलं, आणि आपण काय करतोय ते त्यांना तेव्हाच कळल्यासारखं वाटलं.

"लसूण तिचा," ते म्हणाले.

मग मान खाली घालून, चोरी पकडलेल्या माणसासारखं ते बोलले. एकसलग नाही, घासाघासाच्या मधे. वाल सोडून आलो की ती वाट बघत असायची. रात्री तुमाला वाढायची, आपली भूक ठिवायची. तुमी साळंला गेलात की सैपाकघराच्या दाराला कडी. रात्रीचंच खायचो, ताजं करायला लागली असती तर तीच चुलीपाशी आन मीच ताटावर, मग बसायचं कधी? घरात तुझी आजी हुती तवा, असं एका ताटात बसलेलं दिसलं असतं तर गावभर झालं असतं. मग आजी गेली, तुमी मोठी झालात, पर सवय तीच पडली. नोकरी सुटली तरी सकाळीच बसायचो, नऊला, कडी लावून. "कुणाचं भ्या हुतं देव जाणं," तात्या म्हणाले. "घरात दुसरं हुतंच कोण."

जन्मभर जे वाक्य मी गावोगाव तिकिटासारखं वाटलं, त्याच्याच पुढ्यात बसून मी जेवत होते. शिळं होतं, ते खरंच होतं. आणि बाई त्यासाठी मुद्दाम दुसरी पेंडी विकत घेत होती, रात्रीची भूक मारून ठेवत होती. एकटी, एवढंच तेवढं मी माझ्या मनानं घातलं होतं. काल रात्री त्यांना माझं बोलणं का उमगलं नाही, ते आता मला उमगलं. आणि तीन दिवस आम्ही चार शहाणी माणसं रोज गरम भाजी त्यांच्या पुढं वाढत होतो, आणि त्यांना हवी ती सकाळची, सोबतीची, शेजारच्या गाईला घालत होतो. भाजी कुठली हवी हे तात्यांना तरी धड ठाऊक होतं का, कोण जाणे. ठाऊक असतं तरी लेकी-सुनांपुढं कसं सांगणार होते?

मी त्यांना म्हटलं, "तात्या, काल मी जे बोलले ते चुकलं."

ते म्हणाले, "भाकरी घे."

बाहेर जीप थांबली. दादा हाका मारत आत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात तसाच उभा राहिला. मी त्याला हातानंच खूण केली, जा. तो काहीएक न विचारता बाहेर गेला. जरा वेळानं जीप रिकामी परतल्याचा आवाज आला. मागं कपडे धुणाऱ्या वहिनीनं विचारलं, काय झालं हो? दादा म्हणाला, मला काही कळलेलं नाही, पण तात्या जेवतायत. दीड भाकरी संपली होती.

पुढं काय? मी डेपोत अर्ज करून बार्शी-भूम ही सकाळची फेरी मागून घेतली. कुणाला नको असलेली फेरी, रस्ता असा की पाठीचे मणके मोजून घ्यावेत, त्यामुळे लगेच मिळाली. गाडी नऊला भूमला लागायची आणि पाऊण तासानं परत सुटायची. स्टँडपासून घर सात मिनिटांवर. तात्या आदल्या संध्याकाळी स्वतः भाजी करून ठेवायचे, कधी अळणी, कधी खारट, अंबाडीचं पाणी कधी ओतलेलं, कधी ठेवलेलं. मी गेले की पितळी काढायचे. रोज काही जाणं व्हायचं नाही, पाळ्या बदलायच्या, पण आठवड्यातून चार दिवस तरी. मी नसेन त्या दिवशी ताक-भाकरीवर भागवायचे. माझ्यासोबतचा मुलाणी ड्रायव्हर चेष्टेनं विचारायचा, रोज काय मेजवानी असते हो घरी? मी सांगायचे, शिळं खायला जाते.

तात्या त्यानंतर सहा वर्षं जगले.

आमच्या आईनं जन्मभर शिळं खाल्लं, हे मी अजूनही सांगते, पूर्वीसारखंच, आणि लोक पूर्वीसारखेच हळहळतात. मी त्यांना काही समजावत बसत नाही. सहा वर्षं तात्यांनी पितळीतला प्रत्येक लसूण माझ्या बाजूला सरकवला, आणि मी तो खाल्ला. तळलेला लसूण मला लहानपणापासून आवडत नाही. हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.